औषधनिर्माता रुग्णाच्या खाटेपाशी केव्हा पोहोचला?

धागा. विषय फार्मसीचा आहे, पण त्यात निजामाचे हैदराबाद आहे, पोर्तुगीज गोवा आहे, बनारस आहे आणि आपली चिकलठाणा एमआयडीसीही आहे. लांब आहे; सवडीने वाचा.

छत्रपती संभाजीनगरातील एका रुग्णालयात मी फार्म.डी.ची आंतरवासिता करीत होतो, तेव्हाची गोष्ट. मेडिसिन वॉर्डातला सकाळचा राउंड नुकताच आटोपला होता. गोदाकाठच्या गावाहून आलेल्या एका आजोबांच्या खाटेजवळ उभा राहून मी केसपेपरवरची औषधे वहीत उतरवून घेत होतो. आजोबांचा मुलगा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. अखेर त्याने विचारले, ‘‘सर, तुम्ही डॉक्टर का?’’

‘‘नाही, फार्मसीचा विद्यार्थी आहे.’’

‘‘मंग इथं काय करायलात? पुढं मेडिकलच टाकायचं असंल ना?’’

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. खरे तर त्याचे उत्तर आपल्या देशाने तब्बल शंभर वर्षे टाळले आहे. ते कसे टाळले, हे सांगण्यासाठी आजचा हा धागा.

आरंभ एका शब्दापासून करू. ‘फार्मसी’साठी मराठीत सरकारी शब्द आहे ‘औषधनिर्माणशास्त्र’. महाविद्यालयांच्या पाट्यांवर तोच असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात खिडकीमागे बसून गोळ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पदाचे नाव काय? ‘औषध निर्माण अधिकारी’. हा अधिकारी दिवसभरात एकही औषध निर्माण करीत नाही. कारखान्यातून आलेली औषधे तो लोकांच्या हाती देतो. तरी नाव निर्मितीचेच. भाषेतली ही विसंगती निव्वळ अनवधानाने आलेली नाही. एका विशिष्ट काळातील एका विशिष्ट निर्णयाची ती खूण आहे. त्या निर्णयाकडे आपण येऊच.

त्याआधी थोडे मागे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. या चौघांत औषधाला स्वतंत्र स्थान आहे, औषध सिद्ध करणाऱ्याला मात्र नाही. कारण ते काम वैद्याच्या देखरेखीखालीच होत असे. औषध देणारा आणि औषध बनवणारा यांची कायद्याने फारकत केली ती युरोपात, तेराव्या शतकात, सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने. वैद्याने औषधविक्रीच्या नफ्यात वाटेकरी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम होता. पण त्या दिवसापासून औषध जाणणारा माणूस खाटेपासून दूर, दुकानाच्या फळीमागे गेला.

आता आपल्या मुलखात येऊ. १९४८ पर्यंत औरंगाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, हे मराठवाड्याच्या वाचकांना सांगायला नकोच. (जुन्या काळाविषयी लिहिताना मी शहराचे तेव्हाचे नाव वापरतो.) या संस्थानाच्या राजधानीत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली. आणि त्याच राजधानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साऱ्या जगाच्या वैद्यकाला भेडसावणाऱ्या एका औषधाचा खटला उभा राहिला. ते औषध म्हणजे क्लोरोफॉर्म.

१८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग केला आणि शस्त्रक्रियेचे जग पालटले. परंतु दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही क्षणांत दगावली. पुढे असे मृत्यू होतच राहिले. रोगी मरतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे? लंडनचे डॉक्टर म्हणत, नाडीवर लक्ष ठेवा. एडिंबरोच्या परंपरेतले म्हणत, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे दुसऱ्या पक्षाचे कट्टर समर्थक. त्यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ बसला. पहिल्याचा निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पटला नाही, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊन लॅन्सेटचा प्रतिनिधीच हैदराबादला बोलावून घेतला. ते होते लॉडर ब्रंटन, त्या काळचे नामांकित औषधशास्त्रज्ञ. प्राण्यांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन यांनी लॉरींच्या बाजूने कौल दिला : आधी श्वास थांबतो, हृदय नंतर.

निष्कर्ष चुकीचा होता! १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की अपुऱ्या, हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदयाची लय एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो. एवढा खर्च आणि एवढे प्रयोग करूनही हैदराबादचा निवाडा टिकला नाही.

पण याच वादाच्या धामधुमीत एका विद्यार्थिनीला आपली वाट सापडली. लॉरींनी १८८५ मध्ये वैद्यकीय शाळेचे दार मुलींना उघडले. त्या पहिल्या मुलींत रूपाबाई फर्दूनजी होत्या. रुग्णालयात शिकता शिकता त्या क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाल्या, १८८९ मध्ये ‘हकीम’ ही पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत हेच काम करीत राहिल्या. जगातील अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. १९०९ मध्ये पुढील शिक्षणासाठी त्या एडिंबरोला गेल्या. शाळेत पाऊल ठेवले तेव्हा ‘मी भूलतज्ज्ञ होणार’ असे त्यांनी ठरवले असणे शक्यच नव्हते. त्या नावाचा वेगळा पेशा आपल्याकडे तेव्हा नव्हताच. औषध माणसाच्या शरीरात शिरल्यावर काय करते, हे डोळ्यांनी पाहता पाहता तो पेशा त्यांच्या हाती आला. मला हा सगळा क्लोरोफॉर्म-पुराणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

आता पश्चिमेला, गोव्यात. पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये तेथे वैद्यकीय शाळा स्थापन केली आणि तिच्याच छत्राखाली औषधशास्त्राचे शिक्षणही सुरू झाले. १९६३ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर, तो विभाग स्वतंत्र महाविद्यालय झाला. म्हणजे सव्वाशे वर्षे गोव्यात वैद्य होणारा आणि औषधतज्ज्ञ होणारा, दोघेही एकाच संस्थेत शिकत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात असे सहसा घडले नाही. येथे होता ‘कंपाउंडर’. डॉक्टरच्या चिठ्ठीबरहुकूम लाल-गुलाबी मिश्रण बनवायचे, बाटलीला कागदी पट्टी चिकटवून त्यावर डोसाच्या खुणा करायच्या, पुड्या बांधायच्या. बहुतेकांचे शिक्षण अनुभवातूनच. आपल्यातील कित्येकांच्या आजोबांनी ‘कंपाउंडरकाका’ पाहिले असतील. गावाच्या दृष्टीने ते अर्धे डॉक्टरच.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही व्यवस्था कोलमडू लागली. बाजारात भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला. त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध क्विनाइन; हिवतापाने माणसे मरत असताना बाजारात बनावट क्विनाइन खपत होते. १९२७ मध्ये सर हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये हा प्रश्न मांडला. त्यातून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. १९३१ च्या अहवालात समितीने औषधांवर कायद्याचे नियंत्रण, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित, नोंदणीकृत औषधतज्ज्ञ यांची शिफारस केली.

प्रशिक्षित औषधतज्ज्ञ हवा, हे ठरले. पण त्याला शिकवायचे काय?

येथे महादेव लाल श्रॉफ हे नाव येते. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून आलेले, मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विद्यापीठात रुजू झालेले श्रॉफ यांनी १९३२ मध्ये तेथे औषधी रसायनशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९३७ मध्ये बी.फार्म.चा अभ्यासक्रम उभा राहिला, भारतातील पहिला. तो काळ डोळ्यांपुढे आणा. प्रफुल्लचंद्र राय यांचे बंगाल केमिकल रुजले होते, १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला स्थापन केली, स्वदेशीचे वारे होते आणि तरी बहुतांश आधुनिक औषधे बोटीने येत होती. देशाला हवे होते औषध बनवणारे हात. म्हणून अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी रसायनशास्त्र आले. रुग्णालय त्यात जवळजवळ नव्हतेच. ‘औषधनिर्माण’ हे आपले नाव याच दृष्टीचे अपत्य.

श्रॉफ यांचे चुकले का? मला तसे वाटत नाही. कारखानाच नसेल तर खाटेजवळ उभे राहून देणार काय? पण त्यांच्या पिढीने गरजेपोटी धरलेली दिशा पुढच्या तीन पिढ्यांनी सवयीने चालू ठेवली. दोष द्यायचाच तर या सवयीला द्यावा.

४ मार्च १९४८ रोजी फार्मसी कायदा आला. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध बनवू वा देऊ नये, हे तत्त्व त्यात आहे. त्या दिवशी औरंगाबाद अजून भारतात नव्हते! मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबरला. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. पाठोपाठ चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली.

१९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या रीतीवर तेवढे पेटंट, ही त्यातली कळीची तरतूद. तिने भारतीय कंपन्यांना मोकळे रान मिळाले. १९७३ मध्ये याच भागात अजंता फार्मा सुरू झाली. क्षयरोगाच्या औषधांसाठी प्रसिद्ध असलेल्या ल्युपिनने १९८० मध्ये येथे कारखाना उभारला. मग वोक्हार्ट, २००३ मध्ये या कंपनीने जनुकीय तंत्रज्ञानाने बनवलेले इन्सुलिन बाजारात आणले, त्याच्या निर्मितीशी याच शहराचे नाव जोडलेले आहे. वाळूज आणि शेंद्रा हे पुढचे टप्पे. श्रॉफ यांच्या स्वप्नातला विद्यार्थी प्रत्यक्षात पाहायचा असेल तर सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांच्या थांब्यांवर पाहावा. माझेही स्वप्न तेच होते : गुणवत्ता विभागातली नोकरी, पांढरी टोपी, शिफ्ट आणि सिडकोत घर.

दरम्यान मुंबईत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे घडले, ते प्रत्येक फार्मसी विद्यार्थ्याने एकदा तरी वाचलेच पाहिजे. जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतला वा मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन देत असत. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. हेच विष १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधातून शंभराहून अधिक जणांचा बळी घेऊन गेले होते आणि त्यावरून तेथे नवा कायदाही झाला होता. अर्धे शतक लोटूनही ते येथे रुग्णाच्या पोटात पोहोचले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या सगळ्या साखळीचे धिंडवडे काढले. मला या प्रकरणात सतत एक गोष्ट खुपत राहते. कारखान्याची माणसे होती, भांडारातली माणसे होती, डॉक्टर होते. बाटलीपासून खाटेपर्यंतचा संपूर्ण प्रवास डोळ्यांत तेल घालून पाहणारा, असा एकही माणूस व्यवस्थेने नेमलेला नव्हता.

असा माणूस जगात इतरत्र घडत होता. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर फार्मासिस्टांना तळघरातल्या औषधखान्यातून काढून थेट वॉर्डात बसवण्याचा प्रयोग झाला. ‘नववा मजला प्रकल्प’ याच नावाने तो ओळखला जातो. डॉक्टरांना आणि परिचारिकांना तेथल्या तेथे औषधांविषयी विचारता येऊ लागले. क्लिनिकल फार्मसी ही शाखा याच सुमारास मूळ धरू लागली. भारतात ती पोहोचायला तीस वर्षे लागली : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांत, ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांच्या साहाय्याने.

आणि मग २००८. भारतीय फार्मसी परिषदेने फार्म.डी.चे नियम जारी केले. सहा वर्षांचा अभ्यासक्रम. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. महाविद्यालयाशी किमान ३०० खाटांचे रुग्णालय जोडलेले हवे. आंतरवासितेचे सहा महिने मेडिसिन विभागात आणि उरलेले सहा इतर तीन विभागांत, प्रत्येकी दोन-दोन. १९३७ नंतर ७१ वर्षांनी फार्मसीच्या विद्यार्थ्याला नियमाने रुग्णाच्या खाटेपाशी उभे केले गेले.

आता त्या आजोबांकडे परत. त्यांना घरच्यांनी आणले होते ते ‘अंगावरून वारं गेलं’ असे समजून. चालताना तोल जात होता, जीभ जड झाली होती, बुबुळे आडवी थरथरत होती. केसपेपरवर औषधांचे दोन इतिहास होते. जुना : फिट येत असल्याने वर्षानुवर्षे चालू असलेले फेनिटॉइन. नवा : दोन महिन्यांपूर्वी क्षयरोगासाठी सुरू झालेले उपचार, त्यांत आयसोनियाझिड. दोन्ही औषधे आपापल्या जागी बिनचूक. मात्र आयसोनियाझिड हे यकृतातील फेनिटॉइन मोडणाऱ्या विकराला अडवते. ज्यांचे शरीर आयसोनियाझिड सावकाश निकाली काढते, त्यांच्यात हा अडथळा अधिकच. फेनिटॉइनचा स्वभावही तऱ्हेवाईक : एका मर्यादेनंतर ते मोडणारी यंत्रणा संपृक्त होते आणि मग जरा जरी भर पडली तरी रक्तातले प्रमाण भराभर चढते. वर्गात हे समीकरण मी गुणांसाठी पाठ केले होते.

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना मी चाचरत विचारले, फेनिटॉइनची पातळी पाहायची का? त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तपासणी लिहिली. मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम हवे, ते त्याच्या खूप वर होते. मात्रा रोखली, मग कमी करून पुन्हा सुरू केली. आठवड्याभराने आजोबा भिंतीला धरून का होईना, स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेले.

वाळूजची पांढरी टोपी माझ्या मनातून उतरली ती त्या आठवड्यात. माझ्या तुकडीतल्या सगळ्यांचे असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. एकीला बालरोग विभागात किलोमागे मिलिग्रॅमचा हिशेब करताना तेच काम आवडून गेले. दुसरी औषधांच्या दुष्परिणामांचे फॉर्म भरता भरता औषधदक्षतेकडे वळली. २०१० पासून देशात त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कोणीही दुष्परिणाम कळवू शकतो. एकाला वॉर्डाचा वासच सोसेना. तो आनंदाने संशोधनाकडे गेला. हे कळायलासुद्धा वॉर्डच लागतो.

कायदा हळूहळू मागून येत आहे. २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियम आले आणि २०२१ च्या दुरुस्तीत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हा शब्द त्यांत दाखल झाला. कागदावर शब्द आला. मंजूर पद आणि वेतनश्रेणी ही निराळी गोष्ट. सहा वर्षे शिकलेल्या मुलांना आजही मुलाखतीत विचारतात की तुम्ही नेमके कोण. रूपाबाईंनाही कोणी तरी हे विचारले असेलच.

आजोबांना घरी सोडले त्या दिवशी मी त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर पेनने सूर्य आणि चंद्र काढून दिले. अक्षरओळख नव्हती त्यांना. क्षयाच्या गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, त्या संपल्या की फिटच्या गोळीची मात्रा पुन्हा तपासून घ्यायची, हे मुलाला दोनदा सांगितले आणि त्याच्याकडून वदवूनही घेतले. त्याने सगळे नीट ऐकले. पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, ‘‘सर, मेडिकल टाकलं की कळवा बरं. आम्ही तुमच्याकडूनच घेऊ.’’